सोनोग्राफी पोटाची, इशारा हृदयाचा

या वेळचं पत्र बेळगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं आहे. नाव-गाव काढून, थोडं आटोपशीर करून देते. रिपोर्ट त्यांनी सोबत जोडलेत.

«रामकृष्ण हरी, डॉक्टरबाई. माझं वय ४३. गावातल्याच को-ऑपरेटिव्ह सोसायटीत मॅनेजर आहे. महिन्यापूर्वी कंबरेत कळ आली. मूतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' असं लिहून आलं. मी माळकरी. विसाव्या वर्षी माळ घातली, तेव्हापासून दारूचा थेंब नाही, मटण-मासे नाहीत. चिमूटभर तंबाखू तेवढी आहे. तरी गावात कुजबुज सुरू झाली, सासरेबुवांनीही आडून आडून विचारलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, आता हृदयाचंही बघून घेऊ. लिव्हरचा आणि हृदयाचा काय संबंध? माझे वडील ५४ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले, त्यामुळे घरात सगळे घाबरलेत. धाकटा भाऊ म्हणतो, हल्ली प्रत्येकाच्या रिपोर्टात फॅटी लिव्हर असतंच, लक्ष देऊ नको. मेडिकलवाला मित्र म्हणतो, लिव्हरचं टॉनिक घे, पण कोलेस्टेरॉलची गोळी घेऊ नको, त्यानं लिव्हर जातं. मंडळी रोज गुळवेलीचा काढा देते. तेल-तूप मी आधीच कमी केलंय. अंगानं जाड नाही, पोट तेवढं सुटलंय. पूर्वी दिंडीत पायी जायचो, आता गाडीनं जातो. दिवसाला सात-आठ चहा होतात, सोसायटीत माणसं येतात त्यामुळे. खरं काय मानू?»

रामकृष्ण हरी, माउली.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जड गेली ती सासरेबुवांच्या प्रश्नाची ओळ. म्हणून आधी तेच. दारू न पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरवर चरबी साठते, आणि पुष्कळ जणांच्या साठते. याला वर्षानुवर्षं 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' म्हणत आले. म्हणजे आजाराच्या नावातच दारू. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी एकत्र बसून ते नाव बदललं. त्या नावानं रुग्णाला उगाच कलंक लागतो, हे बदलाचं एक मोठं कारण होतं. नवं नाव लांबलचक आहे, डॉक्टर थोडक्यात 'मॅसल्ड' म्हणतात. शरीराचा साखर-चरबीचा कारभार बिघडल्यामुळे लिव्हरवर आलेली चरबी, एवढाच त्याचा अर्थ. घरच्यांना हे वाचून दाखवा. तुमच्या माळेवर यानं कसलाही डाग येत नाही.

भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. हे फार जणांत आढळतं. इतक्या जणांत, की २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, कॅन्सर यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातच फॅटी लिव्हरचा समावेश केला. पण सगळ्यांना आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असं कुठं होतं? दातांची कीडही सगळ्यांना असते.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. पुष्कळ वर्षं मीही असा रिपोर्ट बघून 'थोडं वजन कमी करा, तेलकट टाळा' एवढंच सांगून माणसाला घरी पाठवत होते. मग एके सकाळी खानापूरकडचे एक शिक्षक हार्ट अटॅक येऊन गेल्यावर दाखवायला आले. वय ४९. बायकोनं पिशवीतून जुनी फाईल काढली. तीत तीन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी होती, घड्या पडून कागद मऊ झालेला. खाली लिहिलेलं, फॅटी लिव्हर. त्या तीन वर्षांत त्यांनी लिव्हरचं सिरप इमानेइतबारे घेतलं होतं. रक्तातली चरबी मात्र एकदाही कुणी तपासली नव्हती. त्या दिवसापासून असा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला की मी पहिल्यांदा माणसाचा रक्तदाब बघते आणि वडिलांना काय झालं होतं ते विचारते.

कारण फॅटी लिव्हर असलेल्या माणसांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लिव्हर नाही, हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ मध्ये हे स्पष्ट मांडलं आणि डॉक्टरांचं याकडे दुर्लक्ष होतंय असंही म्हटलं. २०२१ मध्ये ३६ अभ्यास एकत्र करून, ५८ लाख लोकांची माहिती तपासून निष्कर्ष निघाला, की फॅटी लिव्हर असलेल्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या त्रासाचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. हा आकडा ऐकून दचकू नका. सारख्याच वयाच्या, सारख्याच प्रकृतीच्या १०० जणांत १० जणांना त्रास होणार असेल, तर फॅटी लिव्हर असलेल्या १०० जणांत तो १४-१५ जणांना होईल, इतकाच त्याचा अर्थ. लिव्हरवर व्रण, म्हणजे सुजेनंतर राहणारे घट्ट डाग, धरू लागले की मात्र हाच धोका अडीच पटीपर्यंत जातो.

हे होतं कसं? सोसायटीचं खताचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. लिव्हर तसंच आहे. माल येतो, थोडा ठेवायचा, बाकीचा गाड्या भरून बाहेर पाठवायचा. लिव्हरवरची चरबी कुठून येते हे २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं. जवळजवळ ६० टक्के आली होती शरीराच्या स्वतःच्या चरबीच्या साठ्यातून. पाव हिस्सा लिव्हरनं साखर आणि पिष्टापासून स्वतः तयार केला होता. आणि जेवणातल्या तेला-तुपातून थेट आलेली होती फक्त १५ टक्के. तुम्ही तेल-तूप कमी केलंत ते वाईट नाही, पण तुम्ही गोदामाचं सगळ्यात लहान दार बंद केलंत.

मोठं दार उघडं राहतं ते इन्शुलिनमुळे. चरबीच्या साठ्याला कुलूप घालायचं काम इन्शुलिनचं. पोटाचा घेर वाढला, बसणं वाढलं की शरीर इन्शुलिनचं ऐकेनासं होतं, कुलूप सैल पडतं आणि साठ्यातली चरबी रक्तातून लिव्हरकडे वाहत राहते. वर चहातली साखर आणि ताटातला भात येतोच. गोदाम भरलं की लिव्हर जास्तीच्या गाड्या भरून रक्तात सोडतं. तुमच्या रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २३८ दिसतायत ना, त्या ह्याच गाड्या. त्यांची गर्दी झाली की चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, खाली येतं. तुमचं ३४ आहे, पुरुषात निदान ४० हवं. वाईट कोलेस्टेरॉल एलडीएल तुमचं १२८, आकड्यानं फार भीतीदायक नाही. पण अशा माणसांत त्याचे कण लहान आणि घट्ट होतात आणि रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीत सहज शिरतात. शिवाय असं लिव्हर गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडतं, म्हणून तुमचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सूज आणणारी, रक्त गोठवणारी द्रव्यंही तेच जास्त बनवतं. रक्तदाब १३८/८८, तोही काठावर. एकेक आकडा वेगळा बघितला तर 'थोडं जास्त आहे' असं वाटेल. पण हे सगळे एकाच घरातून निघालेत, आणि त्यांची वाट हृदयाकडे जाते.

'अंगानं जाड नाही' हे वाक्य मी रोज ऐकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. भारतीय माणूस बाहेरून हडकुळा दिसतो आणि आत चरबी बाळगतो, हे त्या एका फोटोनं जगाला कळलं. म्हणून आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा टेप महत्त्वाची. मंडळींच्या शिलाई मशीनवरची टेप घ्या. शर्ट वर करा, पोट आत न ओढता, सहज श्वास सोडल्यावर बेंबीच्या पातळीवर गुंडाळा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत हवं, बाईला ८० च्या आत. दवाखान्यात तुमचं ९७ भरलंय. पँटचा नंबर धरून चालू नका. पँट आपण पोटाच्या खाली नेसतो.

आता लिव्हरचंच बघू. सोनोग्राफीतली ग्रेड चरबी किती ते सांगते, व्रण आहेत की नाहीत ते सांगत नाही. व्रणांचा अंदाज घ्यायला एक साधं गणित आहे, फिब-४, आणि त्याला लागणारे सगळे आकडे तुमच्या रिपोर्टात आहेत. एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणजे लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारे दोन घटक. वय ४३ गुणिले एसजीओटी ४१, त्याला भागायचं प्लेटलेट्स २४० (म्हणजे तुमच्या रिपोर्टातले २ लाख ४० हजार) गुणिले एसजीपीटी ६२ चं वर्गमूळ. उत्तर येतं ०.९३. ते १.३ च्या खाली असेल तर लिव्हरवर गंभीर व्रण असण्याची शक्यता कमी. ही खरोखर चांगली बातमी आहे. आज तुम्हाला लिव्हरच्या मोठ्या तज्ज्ञाकडे मिरजेला किंवा बेंगळुरूला धावायचं कारण नाही. कावीळ बी आणि सीची तपासणी एकदा करून घ्या, आणि हे गणित दर दोन वर्षांनी पुन्हा करायला सांगा. दर दोन महिन्यांनी सोनोग्राफी करून ग्रेड मोजत बसण्यात पैसे जातात, बाकी काही नाही.

हृदयाचं मात्र टाळू नका. वडील किंवा सख्खा भाऊ ५५ वर्षांच्या आत हार्ट अटॅकनं गेला असेल, तर तो धोका आम्ही वेगळा मोजतो. तुमचे वडील ५४ चे होते. त्यात हे आकडे आणि तंबाखू. डॉक्टर ईसीजी काढतील, कदाचित टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. दोन्ही नॉर्मल आले तर बरंच आहे, पण त्यावरून रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत असं ठरत नाही, हे लक्षात असू द्या. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, त्याची रक्ततपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ते आईवडिलांकडून येतं आणि तुमच्या घरात कारण आहे. चालताना किंवा चढताना छाती भरून येते का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा.

मेडिकलवाल्या मित्राचा सल्ला नेमका उलटा आहे, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या फॅटी लिव्हरमध्ये चालतात. एसजीपीटी तुमच्यासारखं थोडं वाढलेलं असलं तरी चालतात. लिव्हर पूर्ण निकामी होत आलं असेल तिथं विचार वेगळा. तुमच्या डॉक्टरांनी सगळा हिशेब करून स्टॅटिन लिहून दिलं, तर लिव्हरच्या भीतीनं ते ठेवून देऊ नका. ज्याला त्याची खरी गरज आहे, नेमका तोच माणूस या भीतीनं ते घेत नाही, असं मी फार वेळा बघितलंय. टॉनिकानं चरबी उतरत नाही. आणि गुळवेलीचा काढा आजपासून थांबवा. सतत गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. मंडळींनी मायेनं दिला, त्यांना दोष देऊ नका. पण आधीच दुखावलेल्या लिव्हरवर हा प्रयोग नको.

आता काय करायचं ते. मी तुमच्या चहापासून सुरुवात करते, कारण तुम्हीच तो पत्रात लिहिलात. आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे, चमच्याला सुमारे ४ ग्रॅम. झाली ६४ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिलात तर उत्तम. तुम्ही जेवायला बसायच्या आधीच अडीच पट ओलांडता. गूळ घातला तरी हिशेब बदलत नाही, लिव्हरला गूळ आणि साखर एकच. आपण उसाच्या मुलखातली माणसं, गुऱ्हाळावरची काकवी, पाहुण्यापुढे कुंदा, गोकाकचा करदंट, हे सगळं आपलं आहे आणि सणाला खावंच. पण सोसायटीतला चहा सण नाही. टेबलावर येणाऱ्या माणसाबरोबर बसा, बोला, स्वतःच्या कपात बिनसाखरेचा घ्या किंवा ताक मागवा. पंधरा दिवसांत जीभ वळते.

भात दोन्ही वेळचा कमी करा, आपल्याकडे सकाळच्या उप्पीटापासून पिष्ट सुरू होतं ते रात्रीच्या आमटी-भातापर्यंत. ज्वारीची किंवा नाचणीची एक भाकरी, तिच्यापेक्षा जास्त पालेभाजी, आणि हुलगे, मटकी, चवळी यांपैकी काहीतरी रोज. माळकऱ्याच्या ताटात प्रथिनं कमी पडतात, तिथे कडधान्यं आणि दही हात देतात. एकादशीचं सांगायचं धाडस करते. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर शिंगाड्याचा शिरा, ही लिव्हरच्या दृष्टीनं मेजवानी आहे. उपास सोडा असं मी कधी म्हणणार नाही. ताक, एखादं फळ, मूठभर शेंगा, हवी तर राजगिऱ्याची एक भाकरी, एवढ्यावर एकादशी करून बघा. जुनी माणसं पुष्कळ अशीच करत.

वजन ७१ आहे. ६६ वर आलात तर लिव्हरवरची चरबी आणि सूज दोन्ही उतरतील. ६४ पर्यंत गेलात तर, पुढेमागे व्रण धरलेच असले, तेही मागे फिरू शकतात. पाच किलोला सहा महिने द्या, घाई नको, उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन लिव्हरला उलट त्रास देतं. आणि चालायला लागा. चालण्यानं, काटा हलला नाही तरी, लिव्हरवरची चरबी कमी होते. दिंडीत पाय रोज मैलोन्‌मैल चालत होते, ते पाय तुमचेच आहेत. सोसायटी उघडायच्या आधी बांधाबांधानं पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस, बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. रविवारी राजहंसगडाची चढण घेतलीत तर फारच छान, पण ती ईसीजी आणि डॉक्टरांचा होकार झाल्यावर.

तंबाखू. तुम्ही 'तेवढी आहे' असं एका ओळीत उरकलंत, मी उरकणार नाही. निपाणी आपल्यापासून किती लांब? तंबाखूवर आपल्या भागातली किती घरं चालली, हे मलाही माहीत आहे, म्हणून तिच्याविषयी बोलताना सगळ्यांचीच जीभ अडखळते. पण ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून थोडा जास्त आढळला. धूर नाही म्हणून हृदय सुटत नाही. तुमच्या सगळ्या यादीत एकच गोष्ट उद्या सकाळी करायची असेल, तर ही करा. जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, निकोटिनचे च्युइंगगम मिळतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही. १०८ ला फोन करायचा. कर्नाटकात पुनीत राजकुमार यांच्या नावानं हृदय ज्योती योजना आहे, तिच्यातल्या सरकारी तालुका रुग्णालयांत ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत देतात. बेळगावचं मोठं हॉस्पिटल गाठायच्या नादात पहिला तास घालवू नका. तुमच्या भागातलं कोणतं रुग्णालय या योजनेत आहे ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

तीन महिन्यांनी चरबी, साखर आणि एसजीपीटी पुन्हा तपासा आणि मला कळवा. पत्राच्या वर कंबरेचा नवा आकडा लिहा.

तपासणीला जाताना धाकट्या भावालाही बरोबर घेऊन जा. त्याचेही वडील ५४ व्या वर्षीच गेलेत.